दुसरी नळी

गुरुवार, दुपारचे दोन. सोहारच्या इस्पितळात
उद्याच्या सुट्टीची सुस्ती आधीच उतरलेली.
तीन नळ्या आल्या माझ्या टेबलावर, अजून कोमट:
पहिलीत सोनेरी पित्त,
दुसरीत दाट, काकवीसारखं काळपट,
तिसरीत फिकं, ईडलिंबाच्या रसाचं.

ही जुनी रीत. आता कोणी फारसं करत नाही.
नाकातून नळी खाली सोडायची, शिरेत औषध,
मग पित्ताशय स्वतःलाच आवळतं
आणि महिनोन् महिने धरून ठेवलेलं
ओकून टाकतं.
सुदानी डॉक्टर इद्रिस म्हणाले,
मस्कतच्या मोठ्या यंत्राची तारीख सहा आठवड्यांनी.
तोवर तुझी काचपट्टी आहे ना?

रमजान परकार, वय एक्केचाळीस, खेड तालुका.
बंदरावर वेल्डर.
स्वादुपिंड सुजून तिसऱ्यांदा दाखल.
सोनोग्राफी तिन्ही वेळा स्वच्छ.
कॅम्पचा सुपरवायझर खाटेपाशी उभा राहून
अंगठा तोंडाकडे नेऊन हसला.
ज्या दुखण्याचं कारण सापडत नाही
त्याचं कारण बाटली,
आणि बाटलीचं औषध
एकेरी तिकीट.

सकाळी रक्त काढताना त्याने माझी पाटी वाचली.
‘बाय, चिपळूणच्या काय तुम्ही?
मग तुम्ही तरी सांगा यांना.
थेंबाला शिवलो नाय मी.
बायको फोनवर काय बोलत नाय आता,
नुसती ऐकते.’
मी कापूस दाबून धरला, हात दुमडा म्हटलं.
आमच्या कामात रुग्णाला काही सांगायचं नसतं.

दुसरी नळी यंत्रात ठेवली,
समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाचं पाणी,
तोल राहावा म्हणून.
दहा मिनिटं घरघर.
आमच्याकडे बापाचं पित्त खवळायचं,
आईच्या अंगावर पित्त उठायचं;
ती आमसुलाचं पाणी लावत बसायची गांधींवर
आणि राग कोणाचा, पुरळ कोणाला,
हे कधी कोणी तपासलं नाही.

तळाशी नखाएवढा गाळ.
एक थेंब काचेवर. दिवा फिरवला,
सगळं क्षेत्र काळं झालं,
आणि त्या काळोखात
एक तावदान उजळलं. चौकोनी, कोपरा उडालेलं.
मग दुसरं. मग मोजायचं सोडलं मी.
मधेमधे विटकरी भुकटी.
दाराशी रोज झाडते त्या वाळूहूनही बारीक,
वाळूचं बी म्हणावं असं काही.
सोनोग्राफीला दिसलं नाही यात नवल नव्हतं:
एवढंसं पुढे सरकतं, नळीच्या तोंडाशी अडतं,
माणसाला आडवा करतं
आणि निसटून जातं, साक्ष न ठेवता.

लिहिलं:
कोलेस्टेरॉलचे स्फटिक, भरपूर.
बिलिरुबिनेटचे कण, आढळले.
कृमींची अंडी नाहीत. संशयास्पद पेशी नाहीत.
शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा.
माणूस खरं बोलत होता, असा रकाना
या फॉर्मात नाही.

डॉक्टरांनी दोनदा डोळा लावून पाहिलं,
शस्त्रक्रियेच्या यादीत नाव घातलं,
माझी पेन्सिल खिशात घालून गेले.

नियम नाही, तरी वॉर्डात फोन लावला.
नर्स जिन्सीला म्हटलं, त्याच्या कानाशी धर.
‘परकार, वाळू सापडली पित्तात. दारू नव्हे.’
पलीकडे बराच वेळ मॉनिटरची टिकटिक.
मग खाकरून म्हणाला,
‘हे लेखी मिळंल काय, बाय?
घरी पाठवायला.’

दुसरी प्रत काढली. पाठीमागची बाजू कोरी होती.
‘स्फटिक’ लिहिलं आणि थांबले.
खाडून ‘खडे’ केलं. खडे वाचून घाबरेल.
‘वाळू’ म्हटलं तर वाटेल
आखाताची वाळू गेली नवऱ्याच्या पोटात.
तिसरी नळी एव्हाना हवा लागून हिरवट झालेली.
जिन्सीचा पुन्हा फोन, तो विचारतोय.
मग आठवलं, तांदूळ निवडताना आई म्हणायची तो शब्द,
आणि लिहिलं:
यांच्या पित्तात कच आहे.